कन्फ्यूज्ड की कन्फ्यूजिंग

काकूंचं नाव खराब झालं ते एका इंग्रजी शब्दाच्या शेपटीमुळे, आणि ती शेपटीसुद्धा त्यांनी लावलेली नव्हती. त्या बिचाऱ्या सगळे कागद एका पिशवीत, पेन दुसऱ्या पिशवीत आणि जादा पेन पर्समध्ये घेऊन, आपली छोटी राखाडी गाडी स्वतः चालवत, आपल्याच वाहन परवान्याचं नूतनीकरण करायला गेल्या होत्या. मुदत संपायला अजून थोडे दिवस होते. मुदत संपल्यावर जागे होणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

घरात गाडी चालवणाऱ्या त्या एकट्याच. काकांनी सगळी नोकरी बँकेत काढली आणि क्लच कोणता, ब्रेक कोणता हे ठरवायची वेळ आपल्यावर येऊ नये, एवढीच आयुष्याकडून अपेक्षा ठेवली. चिरंजीव पलीकडच्या गल्लीत राहायचे आणि हल्ली दर रविवारी येऊन "आई, आता गाडी बास कर" म्हणायचे. कारण काय, तर सोसायटीच्या फाटकाला गाडी जराशी घासली होती. वास्तविक फाटक अर्धवट उघडं होतं. अर्धवट उघडं फाटक बंद फाटकापेक्षा वाईट, हे कोणीही सांगेल; पण फाटकाकडे कोणी परवाना मागत नाही.

तर कचेरी. लांबलचक खोली, एका भिंतीला काचेच्या खिडक्या, काचेला तळाशी एक छोटं भोक. भोकातून कागद जायचा, आवाज जायचा नाही. खिडकीतल्या कारकुनाचं निम्मं बोलणं काचेपलीकडेच राहायचं आणि उरलेलं निम्मं ऐकायला माणसाला भोकापाशी इतकं वाकावं लागायचं की, अर्जदार त्याला नमस्कार करतोय असं वाटावं. ती रचना मुद्दाम केली असावी, असा काकूंना संशय होता.

अर्ज भरताना सगळं सुरळीत चाललं होतं. नाव, पत्ता, जन्मतारीख, रक्तगट. मग आला तो प्रश्न. आधी विकारांची यादी होती: फिट येणे, चक्कर, बहिरेपणा, रातांधळेपणा, मानसिक गोंधळ. आणि त्याखाली छापलं होतं, "अर्जदारास वरीलपैकी कोणताही विकार नाही, हे खरे नाही काय? होय / नाही."

काकूंनी तो प्रश्न वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग त्या भोकापाशी वाकल्या.

"मला यातलं काही झालेलं नाही. इथे होय लिहू की नाही?"

"काही झालेलं नाही ना? मग नाही लिहा."

"नाही लिहिलं तर विकार नाही हे खरं नाही, असं होतं. म्हणजे विकार आहे."

"मग होय लिहा."

"होय लिहिलं तर 'हे खरे नाही काय' याला मी होय म्हटलं. म्हणजे खरं नाही. म्हणजे परत विकार आहेच."

कारकुनाने अर्ज स्वतःकडे फिरवला, वाचला, परत फिरवला. "आजी, लोक काहीतरी लिहितात आणि पुढे जातात."

"मी आजी आहे ती माझ्या नातवाची. आणि हा तुमचा प्रश्न फार कन्फ्यूजिंग आहे."

हे वाक्य काकूंनी स्पष्ट उच्चारलं, याला मागच्या रांगेतले लोक साक्षी आहेत. पण काच मध्ये होती. कारकुनाच्या संगणकात शेरा नावाची एक चौकट होती, ती भरल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नसे, आणि ती इंग्रजीतच भरायची असे. त्याने मनात काडीचाही आकस न ठेवता, ऐकू आलं तेवढं आणि येत होतं तेवढं इंग्रजी टाइप केलं. पावती बाहेर आली. काकूंनी ती न वाचता पर्समध्ये टाकली, अर्जावर होय आणि नाही दोन्हींच्या मधोमध एक ठाम टिंब दिलं आणि घरी आल्या.

रविवारी चिरंजीवांनी ती पावती वाचली, आणि चहाचा कप खाली ठेवला.

"आई, तू जरा बस बरं."

"मी बसलेलीच आहे."

"यात लिहिलंय, ॲप्लिकंट कन्फ्यूज्ड. अर्ज स्थगित. डॉक्टरांचा दाखला आणा."

शब्द कानावर पडले तेव्हा काकूंना आधी काही वाटलंच नाही. घरात दिवसातून दहा वेळा कोणी ना कोणी कन्फ्यूज होत असतंच. रिमोट कोणता, पिशवी कोणती, आज सुट्टी आहे की उद्या. पण चिरंजीवांचा आवाज बदलला होता. म्हाताऱ्या माणसाशी आणि घाबरलेल्या कुत्र्याशी बोलताना लोक जो एक खालच्या पट्टीतला आवाज काढतात, तो त्यांनी काढला होता. तेव्हा काकूंच्या लक्षात आलं की प्रकरण गंभीर आहे.

"मी कन्फ्यूजिंग म्हटलं होतं. प्रश्नाला म्हटलं होतं."

"हो, हो," चिरंजीव म्हणाले. त्या दोन 'हो'मुळे काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय फरक पडतो गं?" काका वर्तमानपत्रामागून म्हणाले. "एड काय आणि इंग काय. शब्द तर तोच आहे ना?"

काकू तडक वरच्या मजल्यावर गेल्या. तिथे इंग्रजीचे निवृत्त मास्तर राहायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी व्याकरण विचारलेलं नव्हतं. त्यांनी काकूंना मानाची खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. बसून शिकवायची त्यांना सवय नव्हती.

"जमीन-अस्मानाचा फरक आहे," मास्तर म्हणाले. "शेवटी ई-डी, म्हणजे ज्याच्यावर ओढवलं तो. शेवटी आय-एन-जी, म्हणजे जो दुसऱ्यावर ओढवून आणतो तो. बोअर्ड आणि बोअरिंग घ्या. माझ्या वर्गातली मुलं कायम बोअर्ड असायची. त्यावरून मी काय होतो, हे मला निरोपसमारंभात एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं."

"म्हणजे मी म्हटलं की प्रश्न गोंधळ घालतोय, आणि त्यांनी लिहिलं की माझा गोंधळ झालाय."

"अगदी तेच. गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला. आणि काकू, गोंधळाला इंग्रजीत नुसता एक शब्द नाही. बिविल्डर्ड म्हणजे रानात वाट हरवलेला. परप्लेक्स्ड म्हणजे ज्याला वाट सापडलीय, पण दोन सापडल्यात. बॅफल्ड म्हणजे वाटेत भिंत लागलेला. तुम्ही यातल्या कोणीच नाही, हे त्यांना लेखी कळवायला हवं."

मास्तरांनी पत्र लिहिलं. सुंदर पत्र होतं. अर्जदार बिविल्डर्ड नाही, परप्लेक्स्ड नाही, बॅफल्ड तर नाहीच नाही, असं प्रत्येक शब्दाच्या व्युत्पत्तीसह त्यात सिद्ध केलं होतं. काकूंनी ते स्वतः नेऊन भोकातून आत सरकवलं. कारकुनाने पहिली ओळ वाचली, शेवटची ओळ वाचली, मधल्यांवरून बोट फिरवलं आणि ओळखीचे वाटतील तेवढे शब्द चौकटीत भरले. नवी पावती आली: ॲप्लिकंट कन्फ्यूज्ड, बिविल्डर्ड, परप्लेक्स्ड, बॅफल्ड.

मास्तरांनी ती पावती बराच वेळ पाहिली. "बिविल्डर्डचं स्पेलिंग चुकवलंय त्याने," ते दुखावल्या आवाजात म्हणाले.

एव्हाना बातमी सोसायटीभर झाली होती. कशी, ते कळायला मार्ग नाही, पण मास्तरांच्या पत्नीला फोनवर मोठ्याने बोलायची सवय होती, एवढं नमूद करून ठेवायला हरकत नाही. शेजारीण कोड्यांचं पुस्तक घेऊन आली आणि "रोज एक सोडवा, मेंदूला बरं असतं" म्हणाली. त्यातली निम्मी कोडी तिने स्वतःच चुकीची सोडवून ठेवली होती. रखवालदार काकूंना लिफ्टपासून त्यांच्याच दारापर्यंत सोडायला येऊ लागला. दूधवाला दारात उभं राहून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, "का-कू, मला ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं? रोज पाणी घालतोस तो तूच."

पण चटका लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. सूनबाईंनी एका संध्याकाळी, अगदी प्रेमाने, सुचवलं की नातवाला शाळेतून आणायला आता आपण एखादी बाई ठेवू. नातवाला शाळेतून आणणं हे काकूंचं काम होतं. गाडीत बसल्यापासून घर येईपर्यंत तो जे काही बोलायचा, ते घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक नसायचं. त्या रात्री काकू जेवल्या, भांडी आवरली आणि काकांना म्हणाल्या, "उद्या डॉक्टरांकडे जायचं. तुम्हीपण चला."

"मी कशाला?"

"साक्षीला."

परवान्याची मुदत तोवर संपून गेली होती, त्यामुळे चिरंजीव गाडी चालवत होते आणि काकू आपल्याच गाडीत मागे बसल्या होत्या. मागच्या सीटवरून रस्ता किती वेडावाकडा दिसतो, हे त्यांना प्रथमच कळलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी समोर एक छापील कागद घेतला आणि चिरंजीवांसारखाच खालचा आवाज लावला.

"आजी, आज तारीख काय?"

"तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे सांगू की खरी? ते गेल्या महिन्याचं आहे."

डॉक्टरांनी वळून पाहिलं, उठून पान उलटलं आणि परत बसले. "शंभरातून सात वजा करत चला."

काकू त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत थेट दोनपर्यंत येऊन थांबल्या. "पुढे उणे पाच. तिकडे जायचंय का?"

"नको, नको." डॉक्टर काकांकडे वळले. "घरची माहिती घरच्या माणसाकडून पडताळून घ्यावी लागते. काका, तुमच्या लग्नाची तारीख सांगा."

काकांनी छताकडे पाहिलं. "डिसेंबर असावा. थंडी होती."

"मे," काकू म्हणाल्या.

"घराचा पत्ता?"

काकांनी पत्ता सांगितला. खणखणीत सांगितला, पिनकोडसकट. तो त्यांच्या बँकेच्या जुन्या शाखेचा होता.

"मुलाचं वय?"

काकांनी मुलाकडे पाहिलं. त्यावरून काही अंदाज येतो का, ते बघत असावेत.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजींचं उत्तम आहे. माझ्यापेक्षा चांगलं आहे म्हणा ना. पण काकांना पुढच्या आठवड्यात परत आणा."

"मला काही झालेलं नाही," काका म्हणाले. "मी नेहमीच असा आहे."

"ते खरं आहे," काकूंनी साक्ष दिली. "लग्न झाल्यापासून असेच आहेत." पण डॉक्टरांनी तोवर कागदावर काहीतरी लिहिलं होतं, आणि परतीच्या वाटेवर काका पहिल्यांदाच म्हणाले, "हा काय प्रकार आहे? कोणीही उठावं आणि माणसाला कन्फ्यूज्ड लिहावं?"

"काय फरक पडतो?" काकू मागून म्हणाल्या.

काकांनी आपल्या बाजूची काच वर केली. मात्र दुसऱ्या दिवशी कचेरीत जायला बूट घालून तयार होणारे पहिले तेच होते.

कारकुनाने दाखला घेतला. "नो कन्फ्यूजन ॲट प्रेझेंट," त्याने वाचलं. "ॲट प्रेझेंट म्हणजे सध्या नाही. म्हणजे आधी होतं."

"आधीही नव्हतं," काका काचेला नाक लावून म्हणाले. "मी गेली चाळीस वर्षं बघतोय."

"तुम्ही कोण?"

काका एकदम सावध झाले आणि मागे सरकले. कालपासून प्रश्नांची उत्तरं द्यायचा त्यांनी धसका घेतला होता.

"हे पाहा," काकू म्हणाल्या, "दाखला राहू दे. मी त्या दिवशी कन्फ्यूजिंग म्हटलं होतं. शेवटची ई-डी काढा, तिथे आय-एन-जी घाला. बाकी काही मागत नाही."

"तेवढंच ना?" कारकून सुटल्यासारखा म्हणाला. त्याने पुढचे सगळे अवघड शब्द खोडले, ई-डी काढली, आय-एन-जी घातली आणि पावती बाहेर दिली. तिच्यावर लिहिलं होतं: ॲप्लिकंट कन्फ्यूजिंग.

"अर्जदार नव्हे. प्रश्न कन्फ्यूजिंग. पहिला शब्द बदला."

"पहिला शब्द बदलता येत नाही. अर्जदार हा आपोआप येतो. त्यापुढचं फक्त आमच्या हातात आहे."

"म्हणजे कचेरीची काही चूक असली तर ती लिहायची कुठे?"

कारकुनाने पडद्यावर वरपासून खालपर्यंत मनापासून शोधलं. "तशी जागाच नाही," तो म्हणाला. त्यालाही हे तेव्हाच कळलं असावं, कारण त्याने हळूच काच बाजूला सरकवली. ती काच सरकते, हे कोणालाच माहीत नव्हतं. "काकू, तुम्ही साहेबांना भेटा. आत जा. मी पाठवलं म्हणू नका."

साहेबांची खोली लहान होती, टेबल मोठं होतं. काकूंनी प्रस्तावना केली नाही. पिशवीतून एक कोरा अर्ज काढून टेबलावर ठेवला, शेजारी जादा पेन ठेवलं.

"एवढा एक प्रश्न तुम्ही भरून दाखवा. तुम्हाला काही विकार नाही, असं मी धरून चालते."

साहेब हसले. मग त्यांनी प्रश्न वाचला आणि 'नाही'वर खूण केली. पेन कागदावरून उचललं नाही. खूण खोडली आणि 'होय'वर केली. मग प्रश्न ओठ हलवत पुन्हा वाचला. घंटी वाजवून कारकुनाला बोलावलं. कारकून म्हणाला नाही. पलीकडच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या होय. हिशेबनीस म्हणाले, मी कायम रेघ मारतो. दार उघडंच होतं, त्यामुळे रांगेतले लोकही आत डोकावून आपापलं मत देऊ लागले, आणि दोन सभ्य गृहस्थांची, ज्यांना कसलाही विकार नव्हता, चांगलीच जुंपली.

साहेबांना अचानक काहीतरी आठवलं. त्यांनी खिशातून स्वतःचा परवाना काढला, त्याचा क्रमांक शिपायाला दिला आणि जुना अर्ज मागवला. अर्जावर त्यांच्याच वळणदार अक्षरात 'नाही' होतं. त्यांनी ते प्रश्नाला जोडून वाचलं. चेहरा पडला.

"याप्रमाणे मला फिट येते," ते म्हणाले, "आणि मी बहिरा आहे."

"रातांधळेसुद्धा," काकूंनी यादीवर बोट ठेवून दाखवलं. "मला काय म्हणायचंय, ते आता तुम्हाला कळलं असेल."

साहेबांनी लोकांना बाहेर काढलं, दार लावलं आणि काकूंना बसायला सांगितलं. आता त्यांचा आवाज साधा, माणसासारखा होता.

"बाई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण अर्जातला प्रश्न वरून ठरतो, आणि शेरा पूर्ण काढायचा तर तोही वरूनच. मी लिहीन, आजच लिहीन. पण उत्तर यायला किती महिने लागतील ते सांगता येत नाही, आणि तोवर परवाना मिळणार नाही." ते जरा घुटमळले. "दुसरा एक मार्ग आहे. कन्फ्यूज्ड असणं हा विकार यादीत आहे. कन्फ्यूजिंग असणं हा यादीत नाही. तुम्ही आत्ताचा शेरा चालवून घेतलात, तर मी याच क्षणी सही करतो. पण तो परवान्याच्या मागे छापला जाईल. ॲप्लिकंट कन्फ्यूजिंग. तुम्हाला ते चालेल का?"

काकूंनी विचार केला. मास्तरांचा केला, मास्तर म्हणाले असते, व्याकरणासाठी लढा. दूधवाल्याचा केला, रखवालदाराचा केला. शाळेच्या फाटकाशी उभं राहून गाडीची वाट बघणाऱ्या नातवाचा केला. आयुष्यभर त्यांनी लोकांना समजेल असं वागण्याची शिकस्त केली होती. सरळ बोलल्या, सरळ चालल्या, वळायच्या कितीतरी आधी दिवा लावला. त्यातून काय मिळालं, तर कोणीही यावं आणि खालच्या आवाजात "बस जरा" म्हणावं.

"छापा," काकू म्हणाल्या. "ठळक छापा. आणि ते वर लिहायचंय, तेही लिहा. मी दर महिन्याला विचारायला येईन."

साहेबांनी सही केली. त्या दर महिन्याला येतील, याबद्दल त्यांच्या मनात शंका दिसली नाही.

परवाना हातात घेऊन काकू बाहेर आल्या तेव्हा रांगेत एक गृहस्थ अर्ज धरून उभे होते. त्यांनी अदबीने विचारलं, "बाई, इथे होय लिहायचं असतं की नाही?"

"मनाला येईल ते लिहा," काकू म्हणाल्या, "पण हा प्रश्न चुकीचा आहे, हे त्या खिडकीत सांगितल्याशिवाय हलू नका. आणि तो काय टाइप करतो, ते उभं राहून वाचा." मागच्या चौघांनीही ते ऐकलं आणि आपापले अर्ज पुन्हा उघडले. काचेआड कारकुनाने कपाळाला हात लावला.

बाहेर चिरंजीव गाडीत चालकाच्या जागेवर बसून होते. काकूंनी खिडकीतून परवाना दिला. त्यांनी पुढची बाजू पाहिली, मग मागची.

"आई, हे तर आधीपेक्षा वाईट आहे. यात लिहिलंय की तूच लोकांना गोंधळात टाकतेस."

"बरोबर लिहिलंय. गोंधळलेल्या बाईला घरी बसवता येतं. गोंधळात टाकणारीला कसं बसवायचं, ते अजून कोणाला माहीत नाही. ऊठ."

चिरंजीवांनी परवाना परत दिला. त्यांनी आईकडे पाहिलं, मग आधीच मागच्या सीटवर जाऊन बसलेल्या आणि यात आपण पडणार नाही अशा चेहऱ्याने बाहेर बघणाऱ्या बापाकडे पाहिलं, आणि उठले. काकूंनी सीट पुढे ओढली. आरसा, जो गेले कितीतरी दिवस दुसऱ्याच्या उंचीवर होता, आपल्या उंचीवर आणला. शाळा सुटायला वेळ होता. आज वाटेत कोणीही मध्ये आलं असतं तरी त्या वेळेआधी पोहोचल्या असत्या.

"बेल्ट लाव," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत मला कुठे वळायचं ते सांगू नकोस. तुझाच गोंधळ होईल."